सर एम. व्ही. : फोटोतले आणि फोटोबाहेरचे

इंजिनीयरिंगच्या कोणत्याही सरकारी ऑफिसात जा, दोन फोटो हमखास दिसतील. एक गांधीजींचा, तो सगळ्याच सरकारी ऑफिसांत असतो. दुसरा जरीचा म्हैसूर फेटा, कोट, टाय अशा थाटातल्या एका वयस्क गृहस्थांचा. त्यांची नजर अशी की आपले बिल अजून पास झालेले नाही हे त्यांना ठाऊक आहे असे वाटावे. हे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, आम्हां कर्नाटकवाल्यांचे सर एम. व्ही. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस म्हणजे आमचा इंजिनीयर्स डे. काही वर्षी तो नेमका गणपतीत येतो आणि एकाच दिवशी दोन ठिकाणी हार, नारळ आणि भाषण उरकावे लागते. एका भिंतीवर शेजारी टांगलेल्या या दोघांचे हयातीत मात्र फारसे जमले नाही. एकाचा भरवसा चरख्यावर, दुसऱ्याचा कारखान्यावर. कारखाने काढा, नाहीतर देश बुडाला असे सर एम. व्ही. जन्मभर सांगत राहिले.

ज्या देवाच्या पोटावर आणि उंदरावर आपण लहानपणापासून हसत आलो, त्याच्या उत्सवाच्या स्मरणिकेत एका इंजिनीयरची थोडी थट्टा केली तर कोणी रागावू नये. शिवाय थट्टा त्यांची कमी आणि आपण त्यांचा जो देव केला आहे त्याची जास्त आहे.

इंजिनीयर्स डेच्या भाषणात दोन गोष्टी येतातच. पहिली रेल्वेची. रात्रीच्या गाडीत सर एम. व्ही. झोपले होते, अचानक उठून साखळी ओढली, गोऱ्या प्रवाशांनी शिव्या घातल्या, आणि पुढे जाऊन पाहतात तो रूळ तुटलेला! आवाजावरून ओळखले म्हणे. गाडी कोणती, स्टेशन कोणते, साल कोणते, हे प्रत्येक वक्त्यागणिक बदलते, फक्त शिव्या घालणारे गोरे कायम असतात. दुसरी मेणबत्तीची. सरकारी काम संपले की सरकारी मेणबत्ती विझवायची आणि स्वतःच्या कामासाठी स्वतःची पेटवायची. हीच गोष्ट चाणक्याच्या दिव्याची म्हणून सांगतात आणि खलिफा उमर यांचीही. एवढे सगळे थोर पुरुष वेगवेगळ्या शतकांत एकच दिवा विझवत बसले असतील असे वाटत नाही. पण गोष्ट सोयीची आहे. ऐकणारे डोळे पुसतात आणि भाषण संपल्यावर ऑफिसच्या प्रिंटरवर मुलाच्या प्रोजेक्टची पाने काढतात.

आता खरा माणूस. त्यांच्या जन्मसालाचाही घोळ आहे. पुस्तकांत १८६१ लिहितात, पण शताब्दी साजरी झाली १९६० साली आणि पोस्टाने तिकीटही त्याच वर्षी १५ सप्टेंबरला काढले. सर्व्हिस बुकातल्या जन्मतारखेचा घोळ माहीत असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. गाव चिक्कबळ्ळापूरजवळचे मुद्देनहळ्ळी. पूर्वज आंध्रातल्या मोक्षगुंडम गावचे, म्हणून ते आडनाव. वडील संस्कृतचे जाणकार, पण ते लवकर गेले. पोरगा बंगळुरात शिकवण्या करून सेंट्रल कॉलेजात शिकला, १८८१ साली बी.ए. झाला, आणि म्हैसूर सरकारची स्कॉलरशिप घेऊन पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सी.ओ.ई.पी.त, दाखल झाला. ही स्कॉलरशिप लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

१८८३ साली ते पहिल्या नंबरने पास झाले. काय पास झाले? एल.सी.ई. बी.ई. नव्हे! आम्हां डिप्लोमावाल्यांना ही बाब फार प्रिय आहे. डिग्रीवाले साहेब फोटोला हार घालतात तेव्हा मागच्या रांगेतले आम्ही एकमेकांकडे बघून घेतो. अर्थात त्या काळचा एल.सी.ई. आणि आमचा डिप्लोमा एक नव्हे, हे आम्हांलाही कळते. पण समाधान ते समाधान.

१८८४ साली मुंबई इलाख्याच्या पी.डब्ल्यू.डी.त असिस्टंट इंजिनीयर म्हणून नोकरी लागली आणि कर्नाटकाचा हा सुपुत्र पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे महाराष्ट्राच्या कामी आला. नाशिक, धुळे, पुणे, मध्येच सिंधमधल्या सक्करचा पाणीपुरवठा. पुण्यात रानडे, गोखले यांच्या वर्तुळात त्यांची ऊठबस होती. सीमाभागात आपण एकमेकांच्या पाट्यांना डांबर फासण्यात एवढी वर्षे घालवली, आणि हा माणूस घरी तेलुगू, गाव कन्नड, कॉलेज मराठी मुलखातले आणि टिपणी इंग्रजीत, असा बिनतक्रार जगला.

पुण्यात त्यांनी दोन कामे केली ती खरोखर त्यांची. पहिले काम नीरा कालव्यावरचे. कालवा आला की शेतकऱ्याला ऊस दिसतो, आणि ऊस दिसला की शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी दिसत नाही. त्यांनी ब्लॉक पद्धत आणली: जमिनीचे गट पाडायचे, उसाला त्यातला ठरावीक भाग, बाकीच्यावर कमी पाण्याची पिके, आणि पाळी फिरती. कागदावर इतकी सरळ योजना दुसरी सापडणार नाही. त्यांनी उसाला कुंपणात घातला आणि नंतरच्या शंभर वर्षांत उसाने कुंपण खाल्ले. आज महाराष्ट्रात कोणाचा पुतळा कुठे बसवावा यावर मोर्चे निघतात, पण ब्लॉक पद्धत परत आणा म्हणून निघालेला मोर्चा मी तरी पाहिलेला नाही.

दुसरे काम खडकवासल्याची स्वयंचलित दारे. साल १९०३. धरणाचे पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की त्याच पाण्याच्या जोरावर दारे वर उचलली जायची, पातळी उतरली की आपोआप मिटायची. वीज नाही, मोटर नाही, माणूसही नाही. म्हणजे गेट ऑपरेटर, त्याचा मदतनीस, दोघांची रजा, बदली रजेवरचा माणूस आणि ओव्हरटाइमची फाइल, हे सगळे त्यांनी एका फटक्यात रद्द केले. आजच्या काळात असा शोध कोणी लावला तर आधी युनियनचे पत्र येईल. हीच दारे पुढे ग्वाल्हेरकडे तिग्रा धरणाला आणि कृष्णराजसागरलाही बसली.

खडकवासल्याच्या बाबतीत एक गोष्ट भाषणात कोणी सांगत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खालचे खडकवासलाही फुटले. पुणे वाहून गेले त्या दिवशी सर एम. व्ही. हयात होते, वय शंभरीच्या घरात. ज्या शहरात शिकले, ज्या तलावावर नाव कमावले, त्याची ती बातमी त्यांनी कशी ऐकली असेल हे मनात येते.

इंग्रजी नोकरी त्यांनी १९०८ मध्ये मुदतीआधीच सोडली. कारण साधे होते. चीफ इंजिनीयरच्या खुर्चीपर्यंत नेटिव माणूस पोहोचत नसे, ती खुर्ची कातडीच्या रंगावर राखून ठेवलेली होती. हुशारी होती, अनुभव होता, जन्म तेवढा चुकीच्या घरी. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादेत मुशी नदीला भयंकर पूर आला आणि निजामाने यांना बोलावले. शहराच्या वर पाणी अडवायची त्यांची योजना, त्यातून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. मग १९०९ मध्ये म्हैसूरचे चीफ इंजिनीयर, आणि १९१२ मध्ये थेट दिवाण.

दिवाण होण्याआधी त्यांनी सगळे नातेवाईक जेवायला बोलावले म्हणतात, आणि पोटभर वाढून झाल्यावर सांगितले की कोणीही शिफारस मागायला येणार नसेल तरच मी ही जागा घेतो. गोष्ट खरी असेल तर त्या पंगतीत शेवटचा भात कोणाच्या घशाखाली उतरला नसणार. खोटी असेल तरी माणूस तसाच होता. सहा वर्षांत त्यांनी म्हैसूर बँक काढली, विद्यापीठ काढले, चंदनतेलाचा कारखाना काढला, कन्नड साहित्य परिषद काढली. भद्रावतीचा लोखंड कारखानाही त्यांचाच ध्यास. आपल्याकडे सहा वर्षांत एका पुलाचे इस्टिमेट रिव्हाइज होते.

कृष्णराजसागर मात्र एकट्याच्या नावावर टाकणे बरोबर नाही. काम सुरू झाले १९११ मध्ये, पुरे झाले त्यांनी खुर्ची सोडल्यावर बारा-तेरा वर्षांनी. पैसा राजाचा, खाली वृंदावन बाग फुलवली मिर्झा इस्माईल यांनी, आणि त्याच जागी धरण बांधायचा विचार केलेल्या टिपू सुलतानाचा फारसी शिलालेखही तिथे आहे. त्यावर दर दोन-चार वर्षांनी बंगळुरात भांडण होते. दगड वाहणारे, सुर्की मळणारे हजारो मजूर कोणाच्याच बाजूने भांडत नाहीत, कारण त्यांची नावे कोणाजवळ नाहीत.

आता ती स्कॉलरशिप काढू. १९१७-१८ च्या सुमारास म्हैसुरात ब्राह्मणेतर मंडळी संघटित होऊन विचारू लागली की सरकारी नोकऱ्यांत सगळीकडे एकच जात का दिसते. प्रश्न खोटा नव्हता. राजाने न्यायमूर्ती मिलर यांची कमिटी नेमली. दिवाणसाहेबांना हे पटले नाही. आधी सगळ्यांना शिकवा, मग नोकरी गुणावरच द्या, नाहीतर कारभार ढासळेल, असे त्यांचे म्हणणे. शाळा आणि स्कॉलरशिपा त्यांनी खरोखर वाढवल्याही होत्या. पण जागा राखून ठेवायला त्यांचा ठाम विरोध, आणि त्यावरून त्यांनी दिवाणगिरी सोडली. कमिटीने पुढे सात वर्षांत वरच्या निम्म्या आणि खालच्या दोन-तृतीयांश जागा इतर समाजांना द्याव्यात असे सुचवले आणि राजाने ते मान्य केले.

आमच्या इंजिनीयर्स डेला हा भाग एका वाक्यात उरकतात: तत्त्वासाठी राजीनामा. मागच्या रांगेत बसलेल्यांपैकी निम्मे त्या तत्त्वाच्या पराभवामुळेच त्या रांगेत बसू शकलेले असतात आणि तेही टाळ्या वाजवतात. मला या माणसाचे इथेच कोडे पडते. बाप नसलेल्या गरीब पोराला सरकारने हात दिला म्हणून तो पुण्याला पोहोचला. जन्मामुळे खुर्ची नाकारली म्हणून त्याने इंग्रजांची नोकरी सोडली. पाण्याच्या बाबतीत शेपटाकडच्या शेतकऱ्याचा हक्क त्याला बरोबर दिसला. मग नोकऱ्यांच्या कालव्यात शेपटाकडे बसलेला माणूस का दिसू नये? ते पुण्यात असतानाच, १९०२ साली, शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. उदाहरण लांबचे नव्हते. मेणबत्तीची गोष्ट सांगायला मला काही वाटत नाही, पण ही गोष्ट गाळून तो फोटो पुरा होत नाही.

आपल्या जिल्ह्याशी त्यांचा संबंध जोगच्या धबधब्याचा. धबधबा पाहून लोक कविता करतात, यांनी म्हणे केवढी ही नासाडी असा उद्गार काढला. म्हणजे एवढे पाणी उंचावरून पडते आणि त्याची वीज होत नाही! आज लिंगनमक्कीने शरावती अशी अडवली आहे की उन्हाळ्यात जोगला जाणारा पाहुणा काळा ओला खडक पाहून परत येतो. नासाडी थांबली, धबधबाही थांबला.

काळी नदी पाहून तर ते खूषच झाले असते. सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा, एकाखाली एक धरणे, खाली कैगा. गणेशगुडीचे आपले सुपा धरण १०१ मीटर उंच. कृष्णराजसागर सुमारे ४० मीटर, आणि त्यात मावते त्याच्या जवळजवळ तिप्पट पाणी आपल्याकडे मावते. पण सुपा धरण कोणत्या इंजिनीयरने बांधले म्हणून रस्त्यात विचारा, एकही नाव येणार नाही. बुडालेल्या सुप्याची मात्र आठवण येते. काळी आणि पांढरीच्या संगमावरचे तालुक्याचे गाव पाण्याखाली गेले, तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली, माणसे रामनगरला गेली. तिकडे कृष्णराजसागरात कण्णंबाडी गाव असेच गेले. त्या गावचे वेणुगोपाळाचे देऊळ अलीकडे एक-एक दगड उचलून दुसरीकडे उभारले आणि आता तिथे पर्यटक फोटो काढतात. देवाचे पुनर्वसन झाले, थोडा उशीर झाला एवढेच. सुप्याच्या विजेने बंगळुरू उजळले, आणि जोयडा तालुक्यातल्या कित्येक वाड्यांवर खांब पोहोचायला त्यानंतरही कित्येक वर्षे लागली. ब्लॉक पद्धत विजेलाही लावायला हवी होती, असे सर एम. व्हीं.च्या फोटोकडे बघून म्हणावेसे वाटते.

दिवाणगिरीनंतरही ते चाळीस वर्षांहून अधिक जगले. भद्रावतीचा तोट्यातला कारखाना हाती घेऊन रुळावर आणला, टाटांच्या लोखंड कंपनीचे संचालक राहिले, देशासाठी आर्थिक नियोजन कसे करावे यावर १९३४ मध्येच पुस्तक लिहिले. नव्वदी ओलांडल्यावर बिहारमध्ये गंगेवरच्या पुलाच्या जागेचा अभ्यास करायला गेले. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले. आपले महर्षी कर्वे आणि हे, दोघेही शंभरी गाठलेले, दोघांचीही तिकिटे पोस्टाने जिवंतपणी काढली, आणि दोघेही १९६२ मध्येच गेले. सर एम. व्ही. एप्रिलात, कर्वे नोव्हेंबरात.

त्यांच्या नावाने आता बेळगावात तांत्रिक विद्यापीठ आहे, नागपुरात कॉलेज आहे, बंगळुरात रेल्वे टर्मिनल आहे आणि मेट्रोचे स्टेशनही. भद्रावतीचा कारखाना, ज्यावर त्यांचा सगळ्यात जीव होता आणि जो त्यांचेच नाव लावतो, तो बंद करण्याचा निर्णय २०२३ मध्ये जाहीर झाला. तेव्हा कामगार रस्त्यावर उतरले, आणि त्यांच्या हातात फलकांबरोबर तोच फेटेवाला फोटो असणार हे सांगायला भद्रावतीला जायची गरज नाही.