मीटरमधलं युनिट आणि बाबासाहेबांची चार वर्षं

वैरागमधल्या साध्या घरात सकाळी काय काय चालू असतं बघा. गिझर, मिक्सर, फ्रिज, पंखा आणि कोपऱ्यात चार्जिंगला लावलेला मोबाईल. ही वीज घरापर्यंत आणणाऱ्या व्यवस्थेचा पाया घालणाऱ्यांत एक नाव आहे, जे आपण वीजबिलाशी कधी जोडतच नाही: डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

जन्म १४ एप्रिल १८९१, महू. बालपण साताऱ्यात, नंतर मुंबईत परळच्या चाळीत. खोली एकच, माणसं जास्त. म्हणून भीमराव लवकर झोपायचे, वडील रामजी सुभेदार रात्री दोनला त्यांना उठवायचे आणि मग मिणमिणत्या दिव्यात अभ्यास चालायचा. बटण दाबलं की उजेड, हा प्रकार त्या घरात नव्हता.

१९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला. अर्थशास्त्र हा त्यांचा मूळ विषय, हे आपण बऱ्याचदा विसरतो. १९१८ मध्ये त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर लेख लिहिला. मुद्दा असा, की तोट्याचं कारण फक्त लहान तुकडा नाही. एकाच जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसं पोट भरतायत. त्यांना दुसरं काम हवं, म्हणजे कारखाने हवेत.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. नाव मजूर खातं, पण पाटबंधारे आणि वीजही त्याच्याकडेच. १९४३ मध्ये युद्धानंतरच्या वीजधोरणाच्या समितीसमोर त्यांनी जुनाच धागा पुढे नेला: कारखाने हवेत तर वीज हवी, तीही स्वस्त आणि भरपूर. तेव्हा वीज मुख्यतः शहरांत होती आणि बरीचशी खाजगी कंपन्यांकडे. चार घरांच्या वस्तीसाठी मैलभर तार ओढून कुठल्या कंपनीला नफा होणार? म्हणून यात सरकारने उतरायला हवं, असा त्यांचा कल. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आलं. कुठे किती वीज लागेल, ती कशी तयार करायची, याचा अभ्यास हे त्याचं काम. दामोदर खोऱ्याच्या योजनेतही वीज आणि पाणी यांचा एकत्र विचार झाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करू. ‘सगळं एकट्या बाबासाहेबांनी केलं’ असे फॉरवर्ड फिरतात, ते खरं नाही. १९४६ मध्ये त्यांनी हे खातं सोडलं. १९४८ चा वीजपुरवठा कायदा झाला तेव्हा ते कायदामंत्री होते आणि वीज खातं काकासाहेब गाडगीळांकडे होतं. पण पायाचं बरंच काम त्या चार वर्षांतलं. या कायद्यामुळे राज्यांची वीज मंडळं उभी राहिली. आपलं मंडळ १९६० चं, २००५ मध्ये त्याचं विभाजन होऊन महावितरण आलं.

आता ‘स्वस्त आणि भरपूर’ म्हणजे काय ते आपल्याच घरात मोजू. वॅट गुणिले तास, भागिले हजार, म्हणजे युनिट. २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट संपलं. त्याच युनिटमध्ये ७५ वॅटचा पंखा तेरा तास फिरतो, ९ वॅटचा एलईडी बल्ब ११० तास जळतो आणि ५००० एमएएचचा मोबाईल साधारण ४० वेळा फुल चार्ज होतो. त्यामुळे चार्जरवरून आई ओरडली तर हळूच गिझरकडे बोट दाखवा! पाणी तापवायला ऊर्जा फार लागते. म्हणून गिझर, इस्त्री, शेगडी ही मंडळी बिल फुगवतात.

बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत गेले. तेव्हा महाराष्ट्र राज्यही झालं नव्हतं आणि खेड्यापाड्यांतल्या बहुतेक घरांत रात्री कंदीलच लागत होता.