वारांचा हिशेब लावणारे शिक्षक : शंकर बाळकृष्ण दीक्षित

मुरबाडहून वैशाखरे गावावरून नाणेघाट चढून गेलेल्या वाचकांना तेथील सातवाहनकालीन कोरीव लेख ठाऊक असतील. घाटातील पाण्याच्या टाक्यावरील एका लेखात राजाचे १३ वे वर्ष, हेमंताचा ५ वा पक्ष व १० वा दिवस अशी मिती कोरली आहे. वार मात्र नाही. त्या काळी मितीबरोबर वार लिहिण्याची रीत आपल्याकडे रूढ झालेली नव्हती. पुढील काळातील लेखांत तो येऊ लागला आणि इतिहास-संशोधकांच्या हाती एक मोलाची कसोटी आली. ही कसोटी काटेकोरपणे लावून दाखविणाऱ्यांत एका मराठी शाळाशिक्षकाचे नाव फार वरचे आहे.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड येथे झाला. चरित्रकार त्यांची जन्मतारीख २० किंवा २१ जुलै १८५३ अशी देतात. म्हणजे वार बुधवार किंवा गुरुवार. ज्यांनी दीड हजार वर्षांपूर्वीचा वार निश्चित केला, त्यांच्याच जन्माबाबत ही संदिग्धता राहावी, हे पाहून किंचित हसू येते. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले व ते मॅट्रिक झाले. पुढील महाविद्यालयीन शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि अखेर पुणे असा त्यांच्या नोकरीचा प्रवास झाला. शहापूर-मुरबाड ज्या जिल्ह्यात येतात त्याच्या मुख्य ठिकाणी ते मुख्याध्यापक होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसावी. विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्या सहवासात त्यांचा पंचांगशोधनाचा व्यासंग वाढला आणि तिघांनी मिळून सायन पंचांगाचा पुरस्कार केला.

त्यांच्या हातून झालेले एक कार्य येथे सविस्तर सांगण्याजोगे आहे. मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्त राजाच्या काळचा एक स्तंभ आहे. त्यावर गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार अशी नोंद आहे. गुप्त संवत केव्हा सुरू झाला याविषयी विद्वानांत तीव्र मतभेद होते, आणि त्यावर एका संपूर्ण राजवंशाचा काळ अवलंबून होता. जे. एफ. फ्लीट हे मुंबई इलाख्यातील अधिकारी गुप्त लेखांचा ग्रंथ सिद्ध करीत होते. तो १८८८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यासाठी दीक्षितांनी गणित केले. संवताचा आरंभ इ. स. ३१९-२० धरल्यास ही द्वादशी २१ जून ४८४ या दिवशी येते, आणि त्या दिवशी गुरुवारच होता.

वाचकांनी स्वतः ताळा करून पाहावा. भारतीय ज्योतिषाप्रमाणे कलियुगाचा आरंभ इ. स. पूर्व ३१०२ मधील १८ फेब्रुवारीस, शुक्रवारी झाला. तेथपासून एरणच्या त्या दिवसापर्यंत १३,०९,५४५ दिवस होतात. सातने भागता बाकी ६ उरते. शुक्रवारपासून सहा वार पुढे मोजले की गुरुवार येतो. अर्थात केवळ वार जुळला म्हणून सर्व सिद्ध झाले असे मानू नये. सातांत एकदा तो योगायोगानेही जुळतो. परंतु गुप्त संवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाला हे अल्बेरुनीचे सांगणे व इतर लेखांचा पुरावाही त्याच दिशेने जात होता.

हा हिशेब साधतो, कारण तारखा बदलल्या तरी वारांची माळ तुटत नाही. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली दिनदर्शिका सुधारली, तेव्हा गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर एकदम शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. दहा तारखा गळाल्या, वार एकही गळाला नाही. मुंबईचे इंग्रज १७५२ पर्यंत जुन्याच गणनेने चालत, तर वसईचे पोर्तुगीज नव्या गणनेने. त्यामुळे खाडीच्या दोन बाजूंस तारखा निराळ्या असत, पण रविवार एकच असे.

दीक्षितांनी सामान्य वाचकांसाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मोठा ग्रंथ १८९६ साली निघाला. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्यासह तयार केलेला इंग्रजी ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला, इ. स. ३०० ते १९०० या काळातील भारतीय मितीची इंग्रजी तारीख व वार त्यातील कोष्टकांवरून काढता येतो. दिवसभर शाळा सांभाळून एका मनुष्याने हे सारे कसे केले असेल, याचे नवल वाटते.

एप्रिल १८९८ मध्ये, वयाची ४५ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. त्यांच्या मराठी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद पुढे विसाव्या शतकात भारत सरकारने दोन भागांत प्रसिद्ध केला.