2,000 व्होल्टचा झटका की इवलासा आरसा? समुद्राखालची तार बोलती करणाऱ्या लॉर्ड केल्विन यांची गोष्ट

लॅपटॉपचा चार्जर सॉकेटमधून काढला तरी त्याचा बारीक दिवा लगेच विझत नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज संपायला थोडा वेळ लागतो. याच 'थोड्या वेळा'ने 1858 मध्ये एका कंपनीला बुडवायची वेळ आणली होती. आणि तो धोका चार वर्षं आधीच ओळखला होता विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्विन यांनी.

थॉमसन यांचा जन्म 1824 चा, बेलफास्टचा. वडील गणिताचे प्राध्यापक. 22 व्या वर्षी पोरगा ग्लासगो विद्यापीठात प्रोफेसर झाला. तापमान मोजायचं 'केल्विन' हे एकक त्यांच्याच नावाचं.

नेमकी अडचण काय होती?

आयर्लंड ते न्यूफाउंडलंड समुद्राच्या तळाशी टेलिग्राफची केबल टाकायचं ठरलं. आत तांब्याची तार, भोवती गटापर्चा नावाच्या चिकाचं वेष्टण आणि बाहेर समुद्राचं पाणी. म्हणजे हजारो किलोमीटर लांबीचा कपॅसिटरच! तो भरणार तारेच्या रेझिस्टन्समधून, म्हणजे बारीक नळाने मोठी टाकी भरण्यासारखं.

साध्या सर्किटमध्ये रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्सचा गुणाकार केला की एक वेळ मिळते. तेवढ्या वेळात कपॅसिटर 63 टक्के भरतो. पाचपट वेळ गेला की 99 टक्क्यांच्या वर. केबल दुप्पट लांब केली तर रेझिस्टन्स दुप्पट आणि कपॅसिटन्सही दुप्पट, म्हणून उशीर चौपट! थॉमसन यांनी 1854 मध्ये हे गणिताने मांडलं.

डॉक्टरसाहेबांचा झटका

कंपनीचे इलेक्ट्रिशियन वाइल्डमन व्हाइटहाउस पेशाने डॉक्टर. त्यांना हे गणित पटलं नाही. थॉमसन जाड तार मागत होते, पण बारीक तारेचीच केबल बनली.

ऑगस्ट 1858 मध्ये केबल जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाचा शंभरेक शब्दांचा संदेश अमेरिकेला जायला सुमारे 16 तास लागले. व्हाइटहाउस यांनी जवळपास 2,000 व्होल्टचे झटके दिले. पण वरच्या गुणाकारात व्होल्टेज कुठेच नाही. जोर वाढवून केबल भरायचा वेळ कमी होत नाही. केबल बनवण्यातही दोष होतेच, त्यात हे झटके. काही आठवड्यांतच ती कायमची गप्प झाली. व्हाइटहाउस यांची नोकरी गेली.

थॉमसन यांचा मार्ग उलटा होता. केबल पूर्ण भरायची वाट कशाला बघायची? त्यांनी इवलासा आरसा लावलेला गॅल्व्हनोमीटर बनवला. करंट जरासा वाढला की आरसा हलायचा आणि त्यावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका सरकायचा. तेवढ्यावर संदेश वाचता यायचा.

शेवटी गणित जिंकलं

1865 मध्ये नवी केबल टाकताना तुटली. 1866 मध्ये मात्र 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने काम फत्ते केलं. या केबलमध्ये तांबं जवळपास तिप्पट होतं, म्हणून रेझिस्टन्स कमी. थॉमसन स्वतः जहाजावर होते. त्याच वर्षी त्यांना 'सर' किताब मिळाला. 1870 मध्ये याच जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली.

1892 मध्ये थॉमसन लॉर्ड केल्विन झाले. 1907 मध्ये त्यांचं निधन झालं. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटनच्या शेजारी त्यांची समाधी आहे. आणि सिग्नल किती वेगाने जाईल हे ठरवताना चिप बनवणारे इंजिनिअर आजही आधी तोच गुणाकार करतात.