कमी ऐकणाऱ्या माणसाची ट्यूब

डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना काटकोनात धरून बघा. आठवलं? दहावीचं विज्ञान, विद्युतधारेच्या परिणामांचा धडा आणि फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम. आमच्या पिंपळगाव बसवंतच्या शाळेत पेपरच्या आधी अख्खा वर्ग बोटं वाकडी करून बसलेला असायचा. पेपर संपला, मार्क मिळाले आणि फ्लेमिंग साहेब आपल्या आयुष्यातून गेले.

माझ्याकडे ते परत आले हेडफोनच्या अॅम्पमधून. माझ्या मामेभावाने सेकंडहँड ट्यूब अॅम्प घेतला. वर काचेची छोटी ट्यूब, चालू केली की आत मंद केशरी उजेड. ती ट्यूब थकली म्हणून त्याने ऑनलाइन एक युरोपियन मागवली. जुना स्टॉक, पण न वापरलेली, असा विकणाऱ्याचा दावा होता. काचेवर मोठ्या कंपनीचं नाव होतं आणि आवाजाचं वर्णन तर असं की वाचूनच गाणं ऐकू यावं. ट्यूब आली, बसवली. डाव्या कानात गाणं, उजव्या कानात शुकशुकाट! पैसे गेले ते गेलेच.

पुढची ट्यूब निवडायची कशी, हे शोधता शोधता मी ट्यूबच्या जन्मापर्यंत पोचले, तर तिथे हेच फ्लेमिंग उभे. पहिला धक्का हा की, ज्यांच्यामुळे ही ट्यूब आपल्या कानांपर्यंत आली, त्यांना स्वतःला नीट ऐकू येत नव्हतं.

जॉन अॅम्ब्रोज फ्लेमिंग यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८४९ चा, इंग्लंडमधल्या लँकेस्टरचा. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. शिक्षणाला पैसा पुरेना, म्हणून पोराने लंडनच्या शेअर बाजारात कारकुनी धरली. उरलेल्या वेळात अभ्यास करून १८७० मध्ये बीएस्सी झाला. मग शाळेत शिकवून पैसे साठवले आणि १८७७ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, केंब्रिज गाठलं. तिथे शिकवायला कोण, तर जेम्स क्लर्क मॅक्सवेल. त्यांची लेक्चर्स इतकी अवघड, की कधी कधी वर्गात एकटे फ्लेमिंगच असायचे. तुमचा कॉलेजचा प्रवास एखाददोन वर्षं लांबला असेल, तर हे लक्षात ठेवा.

१८८२ मध्ये ते एडिसनच्या लंडनमधल्या वीज कंपनीचे सल्लागार झाले. तेव्हाचे बल्ब काही दिवसांत आतून काळे पडत. पण काही बल्बमध्ये त्या काळ्या थरात एक स्वच्छ रेघ राहायची, जणू आतल्या तारेची सावलीच. म्हणजे तापलेल्या तारेतून काहीतरी सरळ रेषेत उडत होतं. बल्बमध्ये धातूची जादा पट्टी बसवली, तर मधल्या रिकाम्या जागेतूनही वीज जाते, पण एकाच दिशेने, हे एडिसनच्या प्रयोगांतून पुढे आलं होतं. इलेक्ट्रॉन अजून सापडायचा होता, त्यामुळे कारण कुणालाच माहीत नव्हतं. फ्लेमिंग १८८५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांनी असे खास बल्ब बनवून घेतले, प्रयोग केले, निबंध वाचले. मग ते बल्ब कपाटात गेले.

१८९९ पासून ते मार्कोनीच्या बिनतारी संदेशाच्या कंपनीचे सल्लागार होते. १२ डिसेंबर १९०१ रोजी अटलांटिक ओलांडून गेलेल्या पहिल्या संदेशामागची मोठी यंत्रणा उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. नाव मात्र मार्कोनीचं झालं. त्यात वय वाढत होतं आणि कान साथ सोडत होते. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान होतं. मार्कोनीचा संदेश यायच्या आधीच नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या जादूगाराने आपल्या यंत्रातून टवाळीचे संदेश घुसवले. आजच्या भाषेत हॅकिंगच! यंत्राची टिकटिक सहायकाच्या लक्षात आली, फ्लेमिंगना पत्ताच नाही. ते बोलतच राहिले.

आता खरी गोष्ट. त्या काळी बिनतारी संदेश टिपायला कानाला रिसीव्हर लावून बारीक आवाज ऐकावा लागे. हेडफोनच म्हणा ना. फ्लेमिंगना ते जमेना. त्यांना संदेश डोळ्यांनी बघायचा होता, मीटरच्या काट्यावर. पण रेडिओ लहरींची वीज सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलते. काटा बिचारा जागचा हलत नाही. वीज एकाच दिशेने जाऊ देणारी एखादी झडप मिळाली, तर काटा हलेल. ऑक्टोबर १९०४ मध्ये त्यांना कपाटातले ते जुने बल्ब आठवले. बल्ब काढले, सहायकाला जोडणी करायला सांगितली, आणि काटा हलला.

थोडं थांबून बघा. जगातली पहिली रेडिओ ट्यूब ही कपाटातून काढलेला जुना स्टॉक होता आणि तिची पारख झाली मीटरवर. ऐकून नव्हे.

१६ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंटचा अर्ज गेला. वीज एका बाजूनेच सोडणारी म्हणून नाव पडलं व्हॉल्व्ह, म्हणजे झडप. आजोबा व्हॉल्व्हचा रेडिओ म्हणतात, तो शब्द इथला. पण पेटंटचे हक्क मार्कोनी कंपनीकडे. फ्लेमिंगना त्यातून वेगळे पैसे मिळाले नाहीत. त्यांच्या ट्यूबला आवाज मोठाही करता येत नव्हता. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी मध्ये बारीक तारेची जाळी घातली. त्या जाळीवरच्या छोट्या विजेने मोठी वीज कमीजास्त करता येते, आणि तुमचा अॅम्प याच तत्त्वावर चालतो. मग दोन्ही बाजूंमध्ये वर्षानुवर्षं कोर्टकज्जे. अमेरिकेतल्या कोर्टाने १९१६ मध्ये फ्लेमिंगच्या बाजूने कौल दिला, आणि १९४३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंटच अवैध ठरवलं. तेव्हा फ्लेमिंग ९३ वर्षांचे होते. त्याआधी १९२९ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली होती. १८ एप्रिल १९४५ रोजी सिडमथ या समुद्रकाठच्या गावी ते गेले. ट्यूबला हटवणारा ट्रान्झिस्टर आला १९४७ च्या डिसेंबरात. तो त्यांना बघावा लागला नाही.

आता तुमच्या ट्यूबचं बघू. आपल्याकडे द्राक्षाच्या सीझनमध्ये निर्यातीचा माल घ्यायला आलेला माणूस नुसता मणी तोंडात टाकून सौदा करत नाही. आधी रसाचा थेंब यंत्रावर टाकून ब्रिक्स बघतो, म्हणजे साखर किती ते. चव नंतर. ट्यूबचंही तसंच करा.

पहिलं, नंबर. हेडफोन अॅम्पमध्ये बऱ्याचदा दिसणारी ट्यूब म्हणजे ईसीसी ८८. ई म्हणजे तार तापवायला ६.३ व्होल्ट, प्रत्येक सी म्हणजे एक ट्रायोड, ८ वरून खाली नऊ पिनांची बैठक कळते. नऊ पिनांची ईसीसी ८२ सुद्धा त्याच सॉकेटात बसते, पण तिची आतली जोडणी वेगळी. बसली म्हणजे चालली, असं नाही. पीसीसी ८८ ला तापायला ७ व्होल्ट लागतात. अॅम्पच्या माहितीपत्रकात असलेलाच नंबर घ्या. आजोबांच्या रेडिओतल्या ट्यूब उपटून बघायच्या भानगडीत तर पडूच नका.

दुसरं, रीडिंग. ईसीसी ८८ च्या पोटात दोन ट्रायोड असतात. एकच ट्यूब असलेल्या बऱ्याच अॅम्पमध्ये एक भाग डाव्या कानाचा, एक उजव्या कानाचा. म्हणून विकणाऱ्याकडे दोन्ही भागांचे आकडे मागा. नव्या ट्यूबला ९० व्होल्टवर साधारण १५ मिलिअँपियर करंट अपेक्षित असतो. आकडा थोडा कमी चालेल, पण दोन्ही भागांत मोठी तफावत नको. टेस्टरचे आकडे वेगळ्या एककात असतील, तर त्या टेस्टरवर नव्या ट्यूबचा आकडा किती येतो तेही विचारा. मामेभावाने हे विचारलं असतं, तर उजवा कान वाचला असता.

तिसरं, काच. ट्यूबच्या वरच्या टोकाला आतून चकचकीत डाग असतो. तो पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरली, ट्यूब संपली. काचेवरचं छापील नाव पुसून दुसरं छापता येतं. जर्मन टेलिफुंकेनच्या अशा ट्यूबच्या बुडाला पिनांच्या मध्ये काचेतच चौकटीच्या आकाराची खूण असते, ती छापता येत नाही. खूण नसेल, तर नावाचे जादा पैसे देऊ नका.

एवढं झालं की मग कान. अॅम्प बंद करून गार होऊ द्या, मगच ट्यूब बदला. झाकण उघडायचं नाही, आत जिवावर बेतणारं व्होल्टेज असू शकतं. ट्यूब तापल्यावर आधी हेडफोन गळ्यात ठेवून हलकी टिचकी मारा. घंटेसारखा आवाज लांबत राहिला, तर ती तुमच्या गाण्यातही घुमणार.

मामेभावाने दुसरी ट्यूब आकडे मागून घेतली. साधी, कमी नावाजलेली. तो म्हणतो आवाज जास्त गोड झाला. मला खरं तर फरक कळला नाही. पण दोन्ही कान चालू आहेत, आणि ते घ्यायच्या आधीच माहीत होतं.