जॉर्ज डी हेवेसी : फसलेल्या प्रयोगातून वाट काढणारा शास्त्रज्ञ

सेप्सिस हा आजार आपण ऐकलेला असतो. जंतुसंसर्ग झाल्यावर शरीराची लढाईच बेताल होते आणि स्वतःच्या अवयवांना इजा करते. यात हृदयही दुबळं पडू शकतं. मग हृदयाचा स्नायू ऊर्जेसाठी साखर किती वापरतोय, हे छाती न उघडता कसं कळणार? साखरेसारख्या पदार्थाला किंचित किरणोत्सर्गी खूण लावून तो शिरेतून देतात आणि पेट स्कॅनवर त्याचा माग काढतात. या युक्तीचं मूळ एका फसलेल्या प्रयोगात आहे.

हेवेसी यांचा जन्म १ ऑगस्ट १८८५ रोजी बुडापेस्ट येथे झाला. १९११ मध्ये ते मँचेस्टरला रदरफर्ड यांच्याकडे गेले. काम मिळालं ते शिशात मिसळलेलं ‘रेडियम डी’ वेगळं करण्याचं. ते खूप झटले, पण जमेना. जमणार तरी कसं? ते शिशाचंच किरणोत्सर्गी रूप होतं!

दुसरा कोणी खचला असता. हेवेसींनी प्रश्नच उलटा केला. वेगळं होत नाही ना, मग तेच शिशाची खूण म्हणून वापरू. शिसं जिथे जाईल तिथे तेही जाईल आणि किरणांमुळे सापडेल. १९१३ मध्ये व्हिएन्नात पानेट यांच्यासोबत त्यांनी ही पद्धत वापरून दाखवली.

एक गमतीची गोष्ट सांगतात. खाणावळीची मालकीणबाई उरलेलं अन्न पुन्हा वाढते, असा त्यांना संशय होता. त्यांनी ताटात उरलेल्या अन्नात किरणोत्सर्गी कण मिसळले. काही दिवसांनी उपकरण आणून पाहिलं, तर नव्या पदार्थात तेच कण!

पुढे १९२३ मध्ये त्यांनी वनस्पती शिसं कसं शोषते ते पाहिलं. १९३५ मध्ये उंदरांना किरणोत्सर्गी फॉस्फरस देऊन हाडांतलाही फॉस्फरस सतत बदलत असतो, हे दाखवलं. हाडं म्हणजे निर्जीव खांब नव्हेत, हे तेव्हा कळलं.

ज्यू कुळात जन्मल्यामुळे नाझी राजवटीत त्यांना आधी जर्मनी आणि १९४३ मध्ये डेन्मार्क सोडावं लागलं. त्याच वर्षाचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. ५ जुलै १९६६ रोजी त्यांचं निधन झालं.

वर्गात एखाद्याचा प्रयोग फसला की आपण वहीवर लाल फुली मारतो. त्याआधी एवढंच विचारूया : का फसला असेल, बरं?