मुंबई सोडून जालन्याच्या वस्त्यांवर आलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री

आपल्या भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत सुवार्ता-प्रसाराचा विषय निघाला की गोऱ्या मिशनऱ्यांची नावं आधी येतात. पण जालन्याच्या खेड्यापाड्यांत हे काम उभं केलं ते एका देशी पाळकानं. रेव्हरंड नारायण शेषाद्री त्यांचं नाव. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि पुढं १९८१ पर्यंत आपल्याच औरंगाबाद जिल्ह्यात. म्हणून हा माणूस आपलाच म्हणायचा.

नारायणराव ब्राह्मण घरातले. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर तुटलं. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनकडं गेला, तेव्हा वडिलांनी कोर्ट गाठलं. भाऊ वयानं लहान, म्हणून कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. त्याला जातीत परत घ्यायचं का नाही, यावर मोठा वाद पेटला. घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर सनातनी मंडळी विरोधात गेली. नारायणराव मात्र आपल्या निर्णयावर कायम राहिले.

१८५४ मध्ये ते पाळक झाले. इंग्रजी उत्तम होतं, मुंबईत मान होता. तिथंच राहिले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण १८६० नंतर त्यांनी जालना गाठलं. इकडं रेल्वे यायला अजून जवळपास चाळीस वर्षं होती. गावानं वेशीबाहेर ठेवलेल्या मांग समाजात त्यांनी मुख्य काम केलं. ब्राह्मण घरात जन्मलेला माणूस त्या वस्तीवर जातो, बसतो, बोलतो, ही गोष्टच त्या काळी किती मोठी होती!

पण नुसता बाप्तिस्मा देऊन भागत नव्हतं. गावानं पाणी आणि काम तोडलं तर माणसानं जायचं कुठं? नारायणरावांनी निजामाच्या सरकारकडं, दिवाण सालारजंग यांच्या काळात, जमीन मागितली. ती मिळाली आणि जालन्याजवळ बेथेल हे गाव वसलं. घरं, शाळा, प्रार्थनामंदिर, शेती सगळं आलं. पायाखाली जमीन असल्याशिवाय माणूस ताठ उभा राहत नाही, हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

१८७३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या जागतिक ख्रिस्ती परिषदेला गेले. तिथं नाव झालं, तरी काम जालन्याचंच धरून ठेवलं. १८९१ मध्ये परदेशातून परतताना समुद्रप्रवासातच त्यांचं निधन झालं.

आज आपल्या मंडळ्यांत रविवारची उपासना होते, सणाला गर्दी होते. पण शेजारच्या वस्तीवर जाणारे किती? काहींना भीती वाटते, धर्मांतराचा आरोप होईल म्हणून. संविधानाचं कलम २५ धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचाही हक्क देतं. मात्र आमिष नको, दबाव नको. मानायचं का नाही, हे ऐकणाऱ्याच्या मनावर. नारायणरावांनी किंमत स्वतः मोजली आणि वस्तीतल्या माणसाच्या अडचणीला धावून गेले. आपल्याकडं तर आता रस्ता आहे, मोटारसायकल आहे. आजाऱ्याची विचारपूस, शिकणाऱ्या पोराला मदत, कुणाच्या दुःखात दोन घटका बसणं, एवढ्यापासून सुरुवात करता येते. पेरण्या उरकल्या की प्रत्येक मंडळीनं जवळची एक वस्ती धरावी.