हीट पंप कागदावर मांडणारे लॉर्ड केल्विन

देहूतल्या आमच्या घरी लाकडाचा बंब काढून हीट पंप बसवायचं चाललंय. आजीला धूर सोसत नाही, बाबांना वीजबिलाची धास्ती. त्यांच्यासाठी माहिती शोधताना मला विल्यम थॉमसन, म्हणजे लॉर्ड केल्विन सापडले. जन्म १८२४, बेलफास्ट. बाविसाव्या वर्षी ग्लासगोत प्राध्यापक झाले, ५३ वर्षं तिथेच शिकवलं. तापमानाचं केल्विन एकक त्यांच्याच नावाचं. अटलांटिकखालून तारेची केबल टाकण्यातल्या कामासाठी १८६६ मध्ये ‘सर’ झाले. पण मला भावलं ते १८५२ चं काम: उष्णता जाळून बनवण्यापेक्षा बाहेरच्या हवेतून ओढून आणली, तर इंधन बरंच वाचतं. फ्रिज आतली उष्णता मागे फेकतो ना, तसंच! १९०७ मध्ये ते गेले, तेव्हाही घरोघरी कोळसाच जळत होता. साधा गिझर एका युनिटला जेमतेम एक युनिट उष्णता देतो, हीट पंप साधारण तीन. बाबा आता जुनी बिलं काढून बसलेत.